तलवारी कोणी टांगल्या?

टॅरोच्या ७८ पत्त्यांपैकी बहुतेकांवर काही ना काही घडत असते. एक तरुण आकाशाकडे पाहत थेट कड्याच्या टोकाशी पाऊल टाकतो. एक स्त्री हळुवार हातांनी सिंहाचा जबडा मिटते. एका उंच मनोऱ्यावर वीज कोसळते आणि माणसे खाली फेकली जातात. या साऱ्या धामधुमीत एक पत्ता असा आहे, की ज्यावर काहीच घडत नाही. चर्चमधल्या शांत जागेत एका चौथऱ्यावर एक योद्धा उताणा पहुडला आहे. त्याचे हात छातीवर जोडलेले आहेत. वरच्या भिंतीवर तीन तलवारी टोके खाली करून टांगलेल्या आहेत. चौथी तलवार चौथऱ्याच्या दर्शनी बाजूवर, त्याच्या देहाला समांतर अशी आडवी आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यात रंगीत काचांची खिडकी आहे आणि तिच्यात कोणापुढे तरी गुडघे टेकलेली एक आकृती दिसते. 'फोर ऑफ स्वोर्ड्स' हे या पत्त्याचे नाव. आपण त्याला 'चार तलवारी' म्हणू.

मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. पत्त्यांना उद्याचे कळते यावर माझा विश्वास नाही. पण चित्र बघणाऱ्याच्या मनातले बाहेर काढू शकते, हे मी वर्गात अनेकदा अनुभवले आहे. एकच चित्र चाळीस मुलांपुढे ठेवले, तर चाळीस वह्यांत चाळीस गोष्टी उतरतात. म्हणून कोणताही पत्ता हाती आला, की त्याचा 'अर्थ' विचारण्याआधी मी तो चित्र म्हणून पाहते. गेल्या वर्षी आमच्या घरात या एका पत्त्याने आधी भीती आणि मग बरेचसे शहाणपण आणले. त्याविषयी लिहावेसे वाटले.

टॅरोचे पत्ते मूळचे खेळायचे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील श्रीमंत घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले संच आजही जपून ठेवलेले आहेत. त्यांच्या आधारे भविष्य सांगण्याची रीत फ्रान्समध्ये रूढ झाली, ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. जुन्या फ्रेंच संचांत या पत्त्यावर योद्धाही नसतो आणि चौथराही नसतो. चार वळणदार तलवारी आणि त्यांच्या मधोमध एक फूल, एवढेच नक्षीकाम असते. आज सर्वत्र दिसणारे चित्र १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संचातले आहे. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. पामेला नाटकमंडळींच्या सहवासात वावरलेल्या होत्या, आणि त्यांच्या हातून साधे आकड्यांचे पत्तेही रंगमंचावरच्या प्रवेशांसारखे उतरले. या कामाचे त्यांना एकदाच, तेही बेताचे मानधन मिळाले. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधील ब्यूड या गावी हलाखीतच त्यांचा अंत झाला. कितीतरी वर्षे हा संच प्रकाशक आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात मात्र पामेला यांची नागमोडी सही आहे.

तलवारींचा गट हा या संचातला सर्वांत क्लेशदायक गट. तलवार म्हणजे विचार, शब्द, संघर्ष असे मानले जाते. तिसऱ्या पत्त्यावर पावसाळी आभाळाखाली तीन तलवारींनी आरपार विंधलेले हृदय आहे. पाचव्यावर भांडण जिंकून तलवारी गोळा करणारा एक जण आणि पाठ फिरवून निघून जाणारे दोघे आहेत. या दोहोंच्या मध्ये, घाव आणि पुढचे भांडण यांच्या मधल्या जागेत, चौथा पत्ता येतो. गटातला हा क्रमच मला बोलका वाटतो.

आता घरची गोष्ट. माझी धाकटी बहीण साताऱ्याला असते. वय ४७. दोन वर्षे तिला पाळीच्या वेळी अतोनात रक्तस्राव होत होता. 'या वयात व्हायचंच' असे म्हणत तिने तो अंगावर काढला. जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा तपासण्या झाल्या. गर्भाशयात गाठी होत्या आणि हिमोग्लोबिन फार खाली गेले होते. आधी लोह देऊन रक्त भरून काढायचे आणि मग गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करायची, असे ठरले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी माझी भाची पुण्याहून आली. ती टॅरोचे पत्ते बाळगते. आईचे मन रमावे म्हणून तिने पत्ते पिसले आणि आईला एक काढायला सांगितला. निघाला तो हाच. बहिणीने तो उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे थडगंच की हे." भाचीचा चेहरा उतरला. तिने मला बाजूला घेऊन तिच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते दाखवले. "मावशी, माघार, एकांत, विश्रांती असं सगळं आहे, पण शेवटी कबर आणि शवपेटीही आहे. आईनं आता नाहीच म्हटलं तर?"

ती भीती पोकळ नव्हती. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री माणूस आधीच काठावर उभा असतो. एखादा शब्द, एखादी शिंक, एखादे मांजर त्याला मागे खेचायला पुरते. बहिणीने तारीख पुढे ढकलली असती, तर पुन्हा रक्त जात राहिले असते. शस्त्रक्रिया हवी की नको, हे तपासण्या आणि डॉक्टर ठरवतात. पत्त्याने तो निर्णय डळमळीत करणे धोक्याचे होते. आणि पुस्तिकेतले शब्द खोटेही नव्हते. वेट यांनी स्वतः या पत्त्याच्या अर्थांत कबर आणि शवपेटी यांचा उल्लेख केला आहे आणि चित्राची कल्पना त्यांवरूनच सुचल्याचे म्हटले आहे.

मी बहिणीजवळ बसले आणि वर्गात मुलांना सांगायचे तसे म्हटले, "अर्थ राहू दे. काय दिसतंय ते आधी सांग."

ती बघत राहिली. मग एकेक गोष्ट पुढे आली. योद्धा झोपला आहे, पण त्याच्या अंगावर जखम नाही. हात गळून पडलेले नाहीत, जोडलेले आहेत. तलवारी त्याच्या अंगात घुसलेल्या नाहीत. नीट टांगलेल्या आहेत. खिडकीत रंग आहेत, म्हणजे बाहेर उजेड आहे. त्या खिडकीतल्या तेजोवलयात लॅटिन भाषेतला 'शांती' या अर्थाचा शब्द दडलेला आहे, हे मी तिला भिंगातून दाखवले. युरोपातील जुन्या चर्चमध्ये सरदारांच्या थडग्यांवर असे झोपलेले पुतळे कोरण्याची प्रथा होती. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये तेराव्या शतकातले असे दगडी योद्धे आजही आहेत. चित्रातला हा माणूस त्या पुतळ्यांच्या घराण्यातला. त्याला मेलेला म्हणायचे की निजलेला, हे चित्र सांगत नाही. ते बघणाऱ्यावर सोडलेले आहे.

मग आम्हा दोघींनाही एकदम आठवली ती पांडवांची गोष्ट, आजीने दसऱ्याला सांगितलेली. अज्ञातवासात विराटनगरीत शिरण्याआधी पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर बांधून ठेवली. लोकांनी त्या झाडाजवळ फिरकू नये म्हणून त्यांनी तिथे एक प्रेत बांधले आणि वाटेतल्या गुराख्यांना 'ही आमच्या म्हाताऱ्या आईची काया' असे सांगितले. शस्त्रांची विश्रांती सुरक्षित राहावी म्हणून तिच्यावर मृत्यूचे पांघरूण घातले होते. वेळ आली तेव्हा शस्त्रे जशीच्या तशी खाली उतरली. बहीण हसली. "म्हणजे माझंही उद्यापासून अज्ञातवासच म्हण," ती म्हणाली. भुलीच्या झोपेविषयी तिच्या मनात जे दाटले होते, ते त्यानंतर ती मोकळेपणाने बोलली. सकाळी डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न तिने स्वतः लिहून काढले. पत्त्याने केले ते इतकेच, आणि ते पुरेसे होते.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. पोट उघडून केलेल्या या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सहा आठवडे जपायला सांगितले होते. वरची कातडी लवकर जुळून येते; पण खालचे थर सांधायला कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. घरातले सगळे प्रेमाने म्हणत, "तू नुसता आराम कर." आणि त्याच प्रेमाने दर दहा मिनिटांनी विचारत, "चहाची पूड कुठल्या डब्यात?" "दादांची सकाळची गोळी कुठली?" "पाणी किती वाजता येतं?" दहाव्या दिवशी मी गेले, तर बहीण ओट्याशी उभी राहून कुकर उचलण्याच्या बेतात होती. मी रागावले, तर म्हणाली, "ताई, पडून राहायला मी काय दगड आहे?"

त्या वाक्याने मला तो दगडी योद्धा आठवला, आणि पत्त्यातली तोवर न सुचलेली एक गोष्ट लक्षात आली. त्या तीन तलवारी उंच भिंतीवर आहेत. झोपलेल्या माणसाने त्या स्वतः टांगलेल्या नाहीत. कोणीतरी त्याच्या हातून त्या घेतल्या, भिंतीवर लावल्या, त्याला आडवे होऊ दिले आणि मग ते माणूस चित्राबाहेर निघून गेले. विश्रांतीच्या या चित्रातले सर्वांत महत्त्वाचे माणूस चित्रात दिसतच नाही.

आपल्याकडे आजाऱ्याला विश्रांती सांगितली जाते; दिली मात्र क्वचितच जाते. सांगणे फुकट असते. देण्यासाठी कोणालातरी उठून तिच्या हातातली तलवार आपल्या हाती घ्यावी लागते. जुन्या घरांना हे एका बाबतीत ठाऊक होते. बाळंतिणीचा सव्वा महिना ठरलेला असे. त्या काळात तिच्या वाट्याचे काम कोण करणार हे आई, सासू, जावा यांच्यात आधीच वाटलेले असे. तिला विचारावेही लागत नसे. त्या प्रथेत जाचाच्याही गोष्टी होत्या, हे खरे. पण विश्रांती ही एकटीच्या इच्छेची बाब नसून घराने करायची व्यवस्था आहे, ही जाण तिच्यात होती. बाळंतपण सोडून इतर दुखण्यांत ही व्यवस्था आपण कधी लावलीच नाही. गर्भाशय काढलेल्या बाईला पाळण्यातले बाळ नसते, म्हणून तिला सव्वा महिनाही नसतो.

त्या दुपारी भाचीने तो पत्ता फ्रिजवर चिकटवला आणि खाली कागद लावला. पहिली तलवार स्वयंपाक: सकाळचा मेहुण्यांनी करायचा, संध्याकाळी डबा आणायचा. दुसरी तलवार पहाटेचे पाणी आणि बादल्या: मेहुणे. तिसरी तलवार सासऱ्यांची औषधे: भाचीने गोळ्यांचे खण असलेली डबी भरून प्रत्येक खणावर वेळ लिहिली आणि ते काम सासऱ्यांनी स्वतःच उचलले. चहाच्या पुडीसकट सर्व डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. बहिणीला प्रश्न विचारायचे असतील, तर ते संध्याकाळी पाच वाजता, एकदाच.

उरली चौथी तलवार. ती भिंतीवर नाही. योद्ध्याच्या हाताशी, त्याच्या अंगाखालच्या चौथऱ्यावर आहे. बहिणीला गल्लीतल्या बायकांची भिशी सांभाळायची होती. मेहुणे म्हणाले, तेही मी बघतो. ती म्हणाली, "ते राहू दे माझ्याकडे." भिशीची वही तिच्या उशीपाशी राहिली. मला वाटते, हे फार मोलाचे होते. माणसाकडून सगळेच काढून घेतले, की विश्रांतीचे रूपांतर अडगळीत होते. आपले असे एक काम, आडवे पडून पेलता येईल एवढे, त्याच्या हाताशी राहिले पाहिजे.

एका बाबतीत मात्र या पत्त्याचे अनुकरण करू नये. योद्धा निश्चल आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या माणसाने तसे राहायचे नसते. दुसऱ्याच दिवशी सकाळी परिचारिकेने बहिणीला आधार देऊन उभे केले आणि चार पावले चालवले, तेव्हा आम्हा सर्वांना ते निर्दयपणाचे वाटले होते. डॉक्टरांनी कारण सांगितले. सतत पडून राहिल्याने पायांतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, फुप्फुसे नीट फुलत नाहीत, आतड्यांची हालचाल मंदावते आणि स्नायूंची ताकद झपाट्याने घटते. म्हणून थोडे थोडे चालणे, खोल श्वास घेणे, खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरणे, हेही विश्रांतीचेच भाग. टाळायचे ते ओझे उचलणे, वाकून जोर लावणे आणि दमेपर्यंत उभे राहणे. ताप, टाक्यांतून स्राव, वाढत जाणारी वेदना, पुन्हा रक्तस्राव, पोटरीला सूज किंवा धाप, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचे. कोणाला किती आणि केव्हा चालायचे, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

अंग आडवे झाले म्हणजे मनही निजतेच असे नाही. काढलेले गर्भाशय तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेले होते आणि अहवाल यायचा होता. गाठी साध्याच असाव्यात असे डॉक्टर म्हणाले होते. पण रात्री दोनला जाग आली की 'असाव्यात' हा शब्द मोठा होत जाई. या अवस्थेचाही एक पत्ता त्याच गटात आहे: 'नऊ तलवारी'. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर नऊ तलवारी आडव्या रांगेने लागलेल्या आहेत आणि खाली पलंगावर उठून बसलेल्या माणसाने चेहरा दोन्ही हातांत लपवला आहे. चौथ्या पत्त्यातही माणूस आडवा आहे आणि वर तलवारी आहेत. फरक एवढाच, की तिथे खिडकी आहे, इथे नाही.

भाचीने त्या रात्रींसाठी खिडकी शोधली. आईला जाग आली, की तिने हाक मारायची; दोघींनी दिवा लावून बसायचे आणि मनातली भीती 'काही नाही' असे न म्हणता सरळ बोलायची. "तुला कॅन्सरची भीती वाटते ना?" हा प्रश्न लेकीने विचारला, तेव्हा बहीण आधी रडली आणि मग, तिच्याच शब्दांत, "खूप दिवसांनी गाढ" झोपली. झोपेचा प्रश्न भाचीने डॉक्टरांच्याही कानावर घातला. दुखणे कमी व्हावे म्हणून त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. अहवाल आला तो चांगला आला. तो तसा आला नसता, तरी त्या रात्रींचे ते बोलणे वाया गेले नसते, असे मला वाटते.

सहा आठवडे संपले, तेव्हा बहिणीने फ्रिजवरचा कागद काढू दिला नाही. सकाळचा स्वयंपाक मेहुण्यांकडेच राहिला. सासरे आपली औषधे आपणच घेतात. पाण्याच्या बादल्या तेवढ्या पुन्हा तिच्याकडे आल्या, त्याही अर्ध्याच भरलेल्या. विश्रांतीला शेवट असतो, तो असायलाही हवा. देव आषाढी एकादशीला निजतात. पण कार्तिकीला उठण्याची तिथीही पंचांगात आधीच ठरलेली असते. मात्र उठलेल्याने पूर्वीचेच सगळे ओझे पुन्हा डोक्यावर घ्यायचे, असे कोठेही लिहिलेले नाही.

टॅरोचा पत्ता कोणाला काय होणार हे सांगत नाही. तो आपल्याला एका चित्रापुढे बसवतो आणि एरवी टाळलेले प्रश्न विचारायला लावतो. तुमच्या घरात सध्या कोणी दुखण्यातून उठत असेल, तर हा पत्ता जवळ नसला तरी चालेल. त्या माणसाच्या डोक्यावर कोणत्या तीन गोष्टी लटकत आहेत, त्या आजपासून कोण घेणार आणि त्याला आवडणारे एक हलके काम कोणते, एवढे आज संध्याकाळी सर्वांनी बसून कागदावर लिहा. "आराम कर" हे त्यानंतर म्हणा.